रोबोटिक्सचा नमुना कोड: चालवण्याआधी कागदावर काय लिहायचं?

धुरा

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं दर रविवारी सकाळी भोसरीत आमच्या हॉलमध्ये पाच-सात मुलं जमतात. बहुतेक डिप्लोमाची, एक-दोन आयटीआयची. आठवडाभर मी चाकणच्या एका कारखान्यात वेल्डिंगच्या रोबोटवर काम करतो आणि रविवारी या मुलांना प्रोग्रॅमिंग आणि सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरच रोबोट चालवून बघणं, शिकवतो. फी नाही, चहा आमच्याकडे.

नमुना कोडची आता टंचाई नाही. रॉस या रोबोट चालवायच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या अधिकृत पानांवर आहे, वेबॉट्स हा सिम्युलेटर उतरवून घेतला की त्याच्यासोबतच येतो, गिटहबवर तर ढीग आहे. मुलं तो आणतात, चालवतात, पडद्यावर रोबोटच्या जागी असलेलं कासव फिरतं आणि व्हिडिओ स्टेटसला लागतो. मग मी विचारतो, "पुढचा वेग निम्मा केला तर वर्तुळ लहान होईल, मोठं होईल की तेवढंच राहील?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. कोड चालवण्याआधी वहीत लिहायचं की आता काय होईल, तेही आकड्यात. "कासव वळेल" हे चालत नाही. "कासव २ एकक त्रिज्येचं वर्तुळ काढेल आणि सुमारे सव्वासहा सेकंदांत जागेवर येईल" हे चालतं. मग चालवायचं. अंदाज चुकला तर फारच छान, त्या दिवशी काहीतरी हाती लागणार.

पहिला धडा टर्टलसिमचा. रॉससोबत मिळणारी ही छोटी निळी खिडकी आहे, मध्ये एक कासव. खिडकी साधारण ११ बाय ११ एककांची आणि कासव जन्मतं ते बरोब्बर मध्यभागी, ५.५४ वर, तोंड उजवीकडे. त्याला दोनच आकडे द्यायचे, पुढचा वेग आणि वळण्याचा वेग. त्रिज्या म्हणजे पुढचा वेग भागिले वळण्याचा वेग. २ आणि १ दिले की त्रिज्या २. पुढचा वेग निम्मा केला की त्रिज्या १. दोन्ही निम्मे केले तर वर्तुळ तेच राहतं, फक्त वेळ दुप्पट लागतो. हे तिसरं उत्तर पोरांना स्वतःहून सापडतं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

मग पुढचा प्रश्न. वळण्याचा वेग १ ठेवून पुढचा वेग वाढवत नेला, तर कासव भिंतीला कधी धडकेल? डावीकडे वळताना वर्तुळाचा वरचा टोकबिंदू ५.५४ अधिक दोन त्रिज्या इथे येतो. खिडकी ११.०९ ला संपते. म्हणजे त्रिज्या २.७७ च्या पुढे गेली की धडक. धडकलं की टर्मिनलमध्ये भिंतीला आपटल्याचा संदेश येतो, त्यामुळे अंदाज बरोबर की चूक हे मला सांगावं लागत नाही.

दुसरा धडा, दिलेल्या बिंदूपर्यंत जाणं. कोड जसाच्या तसा इथे देत नाही, तो सगळीकडे मिळतो. आराखडा मराठीत देतो, आधी तो डोक्यात बसू द्या:

दर ०.१ सेकंदाला
  अंतर = लक्ष्य आणि कासव यांच्यातलं सरळ अंतर
  दिशा = कासवापासून लक्ष्याकडे जाणाऱ्या रेषेचा कोन
  चूक = दिशा वजा कासवाचा सध्याचा कोन
  अंतर ०.१ पेक्षा कमी असेल तर थांब
  नाहीतर पुढचा वेग = १.५ गुणिले अंतर
  वळण्याचा वेग = ६ गुणिले चूक

चालवण्याआधी वहीत लिहा: लक्ष्याजवळ येताना कासव हळू का होईल? आणि ६ च्या जागी ०.५ घातलं तर वाट कशी दिसेल?

आपापले अनुभव, प्रश्न, अडचणी इथे लिहा. मला जेवढं येतं तेवढं नक्की सांगेन.

निळी_शाई

धुरादादा, मी मेकॅनिकल डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला आहे, इस्लामपूरला. दुसरा धडा काल रात्री करून बघितला. उजवीकडचं लक्ष्य दिलं की कासव मस्त जातं. (९,९) ला गेलं, (१०,५) ला गेलं. पण तिथून (१,५) ला जा म्हटलं की मध्येच भोवऱ्यासारखं गरगर फिरायला लागतं. कोड तीनदा तपासला, एक अक्षर चुकलेलं नाही. माझ्या लॅपटॉपचा दोष असेल का?

धुरा

@निळी_शाई, लॅपटॉपचा काही दोष नाही. तुझा कोडही मी दिलेल्या आराखड्याबरहुकूम आहे. आराखड्यात एक ओळ मुद्दाम ठेवलेली नाही, कारण ती ज्याची त्याला सापडावी असं वाटतं. एक काम कर. दर वेळी "दिशा", "सध्याचा कोन" आणि "चूक" हे तीन आकडे छापून घे, आणि गरगर सुरू होते त्या क्षणाच्या चार-पाच ओळी इथे टाक.

निळी_शाई

हे घ्या दादा. सगळे रेडियनमध्ये, म्हणजे ३.१४ ला १८० अंश.

दिशा −३.१२, कोन −२.९६, चूक −०.१६
दिशा −३.१२, कोन −३.०७, चूक −०.०५
दिशा −३.१२, कोन ३.१३, चूक −६.२५
दिशा −३.१२, कोन −०.६२, चूक −२.५०

तिसऱ्या ओळीत कोन एकदम उणेचा अधिक झालाय!

श्टुटगार्टकर

छान पकडलंस. मी इथे गोदामात माल वाहणाऱ्या रोबोटच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. आमच्याकडे नव्याने आलेल्या इंजिनिअरच्या हातूनही ही चूक होते, त्यामुळे मनाला लावून घेऊ नकोस.

घड्याळाचा काटा डोळ्यांसमोर आण. टर्टलसिम कोन मोजतं ते उणे १८० ते अधिक १८० अंशांत. उजवीकडे शून्य. डावीकडे बरोबर शिवण येते, तिथे +१८० आणि −१८० एकच दिशा असतात. समज कासवाचं तोंड १७० अंशांना आहे आणि जायचंय −१७० ला. डोळ्यांनी बघितलं तर २० अंशांचं काम. पण वजाबाकी सांगते −३४०. रेडियनमध्ये ती −५.९३, गुणिले ६, म्हणजे वळण्याचा वेग −३५.६. गरगर तिथून येते.

उपाय एका ओळीचा. "चूक" या आकड्याचा साइन आणि कोसाइन काढ, आणि त्या दोघांना परत एटॅन२ (साइन-कोसाइनवरून कोन काढणारं फंक्शन) मध्ये घाल. साइन-कोसाइनला ३४० अंश आणि उणे २० अंश सारखेच दिसतात, त्यामुळे परत येणारा कोन नेहमी उणे १८० ते अधिक १८० मध्येच असतो. तुझ्या −६.२५ चा होईल ०.०३.

निळी_शाई

झालं!! दहा वेगवेगळी लक्ष्यं दिली, सगळीकडे सरळ गेलं. वहीत "शिवण" असं लिहून ठेवलंय.

पाटीवरची_अक्षरं

नमस्कार. मी देवरुखजवळच्या शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते. आमच्याकडे रॉस वगैरे नाही, पायथनमध्ये आपसूक मिळणारं टर्टल मॉड्यूल वापरते. १९६७ मध्ये लोगो भाषा आली आणि पुढे तिच्यासोबत मुलांना शिकवणारं कासव आलं. सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ती कल्पना अजून माझ्या वर्गात चालते, याचं मला फार अप्रूप वाटतं. रॉसच्या आवृत्त्यांनाही कासवांचीच नावं असतात ना?

मुलांना इंग्रजी नावांचा धसका असतो म्हणून मी एक करून बघितलं. पायथन ३ मध्ये चलांची आणि फंक्शनची नावं देवनागरीत देता येतात. "अंतर", "कोन", "चौकोन_काढ" अशी. "इफ" आणि "फॉर" मात्र इंग्रजीच राहतात. ज्या मुली मागच्या बाकावर गप्प बसायच्या त्या आता स्वतः फंक्शन लिहितात.

पण एक अडचण आली. "दुसऱ्या_बाजूची_लांबी" असं नाव एका मुलीच्या संगणकावर चाललं, दुसरीच्या संगणकावर त्याच नावाला चूक दाखवली. दोन्ही नावं डोळ्यांना हुबेहूब सारखी. कारण काय असेल?

गवतीचहा

ताई, हे मी सांगू शकतो, कारण देवनागरी टंकलेखनाच्या कामात बरीच वर्षं गेली. अर्ध्या र चं हे रूप दोन प्रकारे टंकता येतं. काही कळफलक साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. काही कळफलक नुक्तावाला ऱ आणि हलन्त टाकतात, त्यात अदृश्य काही नसतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पायथन नावात अदृश्य चिन्ह चालवून घेत नाही, म्हणून पहिला प्रकार अडतो. मुलींना नुक्तावाला ऱ टंकायला शिकवा.

आणखी एक. नावात देवनागरी आकडे चालतात, "बाजू१" चालेल. पण बेरजेत थेट १२ असं देवनागरीत लिहिलं तर चूक येईल. तेच १२ मुलाने कीबोर्डवरून उत्तर म्हणून दिलं आणि इंट मध्ये घातलं, तर पायथन ते नीट ओळखतं.

पाटीवरची_अक्षरं

किती दिवस अडले होते! मनापासून आभार. उद्याच्या तासाला पहिलं काम हेच.

धुरा

ताई, तुमचं वाचून फार आनंद झाला. हो, रॉसच्या आवृत्त्यांना कासवांच्या जातींवरून नावं ठेवतात. २०१० मधली बॉक्स टर्टल, २०२२ ची हंबल हॉक्सबिल, २०२४ ची जॅझी जलिस्को.

त्यावरून एक महत्त्वाची गोष्ट लिहायचीच राहिली. इंटरनेटवरचा बराचसा नमुना कोड जुन्या रॉस १ चा आहे. रॉस १ ची शेवटची आवृत्ती नोएटिक, तिचा आधार मे २०२५ मध्ये संपला. त्रिमिती सिम्युलेशन करणारा जुना गझीबोही जानेवारी २०२५ मध्ये थांबला. मुलं जुना कोड नव्या रॉसवर चालवायला जातात आणि दोन दोन दिवस चुकांच्या ओळी वाचत बसतात. ओळखायची खूण सोपी आहे. वर "रॉसपाय" आयात केलं असेल किंवा बांधणीला "कॅटकिन" असेल तर ते जुनं. "आरसीएलपाय" आणि "कोलकॉन" दिसलं तर नवं. धडा कितीही छान दिसला तरी आधी हे बघा.

मुळामुठा

माझा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, आठ वर्षं जुना. गझीबो उघडलं की सगळं थिजतं. नवा घेणं सध्या शक्य नाही. माझ्यासारख्याने काय करावं?

धुरा

@मुळामुठा, तुझ्यासारखीच मुलं माझ्याकडे निम्मी आहेत. गझीबो नाही म्हणून काही अडत नाही.

पायथनरोबोटिक्स नावाचा संग्रह घे. अत्सुशी साकाई यांनी सुरू केलेला, मुक्त परवान्याचा. कालमन फिल्टरने जागा ओळखणं, ए-स्टारने वाट शोधणं, ठरलेल्या वाटेवरून गाडी चालवणं, सगळं साध्या पायथनमध्ये आहे आणि आलेखावर हलताना दिसतं. त्रिमिती चित्र नसल्यामुळे जुन्या लॅपटॉपवर आरामात चालतं. शिवाय एकेक फाइल बहुतेक स्वतंत्र आहे, त्यामुळे वाचायला फार बरं पडतं. माझं ठाम मत आहे की गझीबोत नकाशा बनताना बघण्यापेक्षा ए-स्टारची ती एक फाइल ओळीनओळ वाचली तर जास्त कळतं.

भौतिकी हवी असेल तर पायबुलेट बघ. ते खिडकी न उघडता नुसत्या गणितावर चालवता येतं. पहिल्या नमुन्यात एक सपाट जमीन आणि एक रोबोट, जमिनीपासून १ मीटर उंच सोडलेला. दर पावलाला काळ १/२४० सेकंदाने पुढे सरकतो. गुरुत्वाकर्षणाची ओळ काढून टाकली तर काय होईल, हे आधी वहीत लिही आणि मग बघ.

आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड शिकायचा असेल तर वॉकवी हा सिम्युलेटर थेट ब्राउझरमध्ये चालतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत, टर्मिनलची भीती वाटते त्यांनी तिथून सुरुवात करावी.

तळहात

वेबॉट्सबद्दल लिहितो. १९९६ मध्ये स्वित्झर्लंडच्या ईपीएफएलमध्ये सुरू झालेलं, २०१८ च्या डिसेंबरपासून मुक्त. विंडोजवर थेट बसतं, ही मोठी सोय. त्यातला ई-पक हा दोन चाकांचा छोटा रोबोट नवशिक्यांना उत्तम.

दोन ठिकाणी हमखास अडायला होतं. मोटरला वेग दिला तरी चाक अखंड फिरत नाही. कारण मोटर मुळात ठरावीक कोनापर्यंत जाऊन थांबण्याच्या पद्धतीत असते. आधी तिला "अनंत" ही जागा द्यायची, मग वेग. म्हणजे ती कुठेही पोहोचत नाही आणि फिरत राहते.

दुसरं, त्याच्या अंगाभोवतीचे आठ सेन्सर. त्यांचा आकडा म्हणजे अंतर असं वाटतं, पण तो परत आलेल्या प्रकाशाचा असतो. भिंत जवळ आली की आकडा वाढतो. "८० पेक्षा कमी झालं की वळ" असं लिहिणारा रोबोट मोकळ्या मैदानात वळत बसतो आणि भिंतीला जाऊन थडकतो.

श्टुटगार्टकर

सेन्सरचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. टर्टलबॉट३ बर्गर या छोट्या रोबोटवर अडथळा टाळण्याचा कोड मी विद्यार्थी असताना लिहिला होता. लायडरच्या (लेझरने चहूकडचं अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या) ३६० आकड्यांतला सगळ्यांत लहान घ्यायचा, तो अर्ध्या मीटरपेक्षा कमी असेल तर थांबायचं. सिम्युलेशनमध्ये आठवडाभर निर्दोष चाललं. प्रयोगशाळेत खरा रोबोट जमिनीवर ठेवला, तो जागचा हललाच नाही. बॅटरी बदलली, वायरी तपासल्या, दुपार गेली. शेवटी आकडे छापले. सिम्युलेशनमधला लायडर समोर काहीच नसेल तर "अनंत" देतो. खरा लायडर त्याच वेळी ०.० देत होता. सगळ्यांत लहान आकडा कायम शून्य, आणि रोबोटला वाटतंय नाकासमोर भिंत आहे. शून्य आकडे गाळायची एक ओळ घातली आणि तो निघाला. त्या दिवसापासून कुठलाही सेन्सर हातात आला की मी आधी दोनच गोष्टी बघतो: काहीच दिसत नसेल तेव्हा तो काय देतो आणि अगदी जवळ हात धरला तर काय देतो.

धुरा

हा अनुभव मी रविवारी मुलांना वाचून दाखवणार.

आमचाही एक प्रसंग. तिसऱ्या आठवड्यात पाच लॅपटॉप एकाच वायफायवर होते. एका मुलीचं कासव आपोआप चालायला लागलं. तिने कीबोर्डला हात लावलेला नव्हता. पलीकडच्या कोपऱ्यात बसलेला मुलगा बाण दाबत होता आणि दोघांची कासवं एकदम वळत होती. रॉस २ एकाच जाळ्यावरच्या सगळ्या नोडना (चालू प्रोग्रॅमना) आपोआप एकमेकांशी जोडतं, आणि सगळ्यांचा डोमेन क्रमांक मुळात शून्यच असतो. प्रत्येकाला ० ते १०१ मधला वेगळा क्रमांक दिला आणि प्रश्न मिटला. आता आमच्याकडे हजेरी क्रमांक हाच डोमेन क्रमांक.

निळी_शाई

दादा, मित्राच्या लॅपटॉपवर टर्टलबॉट३ चा चौकोन केला. ५ सेकंद ०.२ वेगाने पुढे म्हणजे १ मीटर. मग ०.५ वेगाने ३.१४ सेकंद वळण म्हणजे ९० अंश. असं चार वेळा. वहीत लिहिलं होतं की बरोबर सुरुवातीच्या जागी येईल. आलं नाही, वीतभर बाजूला थांबलं. आकडे सगळे बरोबर आहेत ना?

श्टुटगार्टकर

आकडे बरोबर आहेत. पण वेग शून्यापासून ०.५ वर जायलाही थोडा वेळ लागतो, आणि तुझा प्रोग्रॅम तेवढा वेळ झोपून (थांबून) उठतो तो नेमका ३.१४ सेकंदांनी उठेलच असं नाही. समज प्रत्येक वळणात २ अंश कमी पडले. मग चार बाजूंच्या दिशा होतात ०, ८८, १७६ आणि २६४ अंश. बेरीज करून बघ, शेवटी साधारण १० सेंटीमीटर बाजूला येशील. म्हणून वेळ मोजून वळायचं नाही. ओडोमेट्रीतून (चाकं किती फिरली त्यावरून काढलेल्या जागेतून) कोन वाचायचा आणि ९० पूर्ण झाल्यावर थांबायचं. तुझी शिवणेची ओळ इथेही लागेल.

आणि प्रोग्रॅम बंद करताना शून्य वेग पाठवायला विसरू नकोस. टर्टलसिममध्ये आज्ञा थांबली की कासव एका सेकंदात थांबतं. गझीबोतला रोबोट शेवटची आज्ञा धरून चालतच राहतो.

निळी_शाई

ती बेरीज वहीत हाताने केली. आडवी −०.०६७, उभी ०.०७५, अंतर १०.०४ सेंटीमीटर. मग मित्राच्या लॅपटॉपवर सुरुवातीची आणि शेवटची जागा छापून बघितली तर १३ सेंटीमीटर निघाले. म्हणजे दर वळणाला दोन अंशांपेक्षा थोडं जास्तच कमी पडत असणार. ओडोमेट्रीवाला कोड आज रात्री लिहितो. अंदाज आधीच लिहून ठेवलाय: २ सेंटीमीटरच्या आत.